केस, कॅप्सूल आणि डेड टाइम

हॉस्टेलच्या बाथरूमची जाळी तुंबली की आमचे सफाईवाले मामा एक ठरलेलं वाक्य बोलतात, "पोरांनो, डोक्यावर पण थोडं ठेवा, सगळं इथंच सोडू नका." सगळे हसतात आणि मग प्रत्येक जण गुपचूप आरशासमोर जाऊन भांग पाडून बघतो. सबमिशन, केटी आणि प्लेसमेंट यांच्यानंतर हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त चर्चा होणारा विषय म्हणजे केस. फरक इतकाच, की पहिल्या तिन्हींवर मोठ्याने बोलतात आणि केसांवर हळू आवाजात.

हा लेख त्या हळू आवाजातल्या विषयावर आहे. मी डॉक्टर नाही, इन्स्ट्रुमेंटेशनचा विद्यार्थी आहे. पण मागच्या वर्षी आमच्या खोलीत आपोआप एक प्रयोग होऊन गेला. तो मला प्रोसेस कंट्रोलच्या सिलॅबसमधल्या एका धड्यासारखा वाटला, म्हणून लिहायला बसलो.

झालं असं. गणपतीच्या सुट्टीनंतर मी आणि माझा रूम पार्टनर, दोघांनाही डेंग्यू झाला. आठवडाभर ताप, प्लेटलेट्सची धाकधूक, पपईच्या पानांच्या रसाचे सल्ले, सगळं यथासांग पार पडलं. दोघं बरे झालो आणि विसरूनही गेलो. नोव्हेंबर संपता संपता दोघांचेही केस गळायला लागले. उशीवर केस, कंगव्यात केस, मेसच्या ताटात केस. पार्टनर म्हणायचा, "पार गळायलेत राव, दिवाळीपर्यंत बरे होते!" आमचा दोघांचा एकमताने निष्कर्ष असा निघाला की बोअरचं पाणी खराब आहे.

पार्टनरने मोबाइलवर एका कंपनीची प्रश्नावली भरली. झोप किती, पोट साफ होतं का, वडिलांना टक्कल आहे का, डोक्याचा फोटो टाका. दोन मिनिटांत निदान आलं आणि चार दिवसांत डबा आला. त्यात बायोटिनच्या गोळ्या, एक वनस्पतींची कॅप्सूल, एक तेल आणि 'तीन महिने नियमित घ्या' असं लिहिलेला कागद. घरून परीक्षा फॉर्म आणि मेससाठी आलेल्या पैशांतून त्याने ते भरले होते. मी पण घेणार होतो. पण माझ्याकडे पैसे नव्हते. अशा रीतीने विज्ञानाच्या कुठल्याही प्रेमापोटी नव्हे, तर कडकीमुळे मी कंट्रोल ग्रुप झालो.

मार्चअखेर पार्टनरचे केस गळायचे थांबले. कपाळावर छोटे छोटे नवे केस उभे दिसायला लागले. तो पाच जणांना डब्याचा फोटो पाठवत होता. गंमत म्हणजे माझेही थांबले होते. मी तीन महिन्यांत डोक्याला खोबरेल तेलाशिवाय काही लावलं नव्हतं आणि मेसच्या वरणाशिवाय काही खाल्लं नव्हतं. पण माझ्या डोक्याचा फोटो कोण कुणाला पाठवणार?

आता थोडी थिअरी. कंटाळा करू नका, गणित सोपं आहे. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवडे मुळाशी आवरासावर चालते, मग सुमारे तीन महिने तो नुसता बसून असतो आणि शेवटी गळतो. त्याच मुळातून पुन्हा नवा केस सुरू होतो. कोणत्याही क्षणी साधारण दहा टक्के केस या बसून राहण्याच्या अवस्थेत असतात. म्हणजे १०,००० केस सुमारे १०० दिवसांत जायचे. भागाकार केला की रोजचे १०० आले. रोज पन्नास ते शंभर केस गळणं नॉर्मल आहे असं डॉक्टर सांगतात, ते या हिशेबात बरोबर बसतं. त्यामुळे बेसिनमधले चाळीस केस मोजून रात्री दोनला रडायचं कारण नाही.

शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे डेंग्यू, टायफॉइड, ऑपरेशन, बाळंतपण, अचानक केलेलं कडक डाएट, की वाढीत असलेले पुष्कळ केस एकदमच बसून राहण्याच्या अवस्थेत जातात. पण लगेच गळत नाहीत, ते दोन-तीन महिन्यांनी गळतात. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. आम्ही प्रोसेस कंट्रोलमध्ये याला डेड टाइम म्हणतो. लांब पाइपच्या एका टोकाला गरम पाणी सोडलं तर दुसऱ्या टोकाचा थर्मामीटर बराच वेळ काहीच दाखवत नाही. तेवढ्यात ऑपरेटर घाबरून व्हॉल्व्ह आणखी फिरवतो. मग पाणी पोहोचतं आणि त्याला वाटतं, आत्ता फिरवला म्हणूनच गरम झालं.

आमचंही तसंच झालं. सप्टेंबरचा ताप डिसेंबरात दिसला, म्हणून आम्ही डिसेंबरातल्या पाण्याला दोष दिला. धक्का एकदाच बसलेला असेल तर ही गळती साधारण तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबते. माणूस गळती शिगेला पोहोचली की घाबरतो आणि तेव्हाच डबा मागवतो. कोर्स असतो तीन महिन्यांचा. म्हणजे ज्या काळात केस तसेही थांबणारच होते, बरोबर त्याच काळावर कोर्स येऊन बसतो. कुणी मुद्दाम तसा बेत केला असेल असं मी म्हणत नाही. पण एकही गोळी खोटी नसताना आणि एकही माणूस खोटं बोलत नसताना 'मला फरक पडला' सांगणारे हजारो लोक तयार होऊ शकतात, एवढं नक्की.

पाण्यावरही थोडं लिहितो, कारण या शहरात पाणी म्हटलं की सगळे तज्ज्ञ. आपल्याकडे बेसॉल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं. शॅम्पूला फेस येत नाही, केस राठ होतात, गुंता होतो, मधूनच तुटतात. पण तुटणं वेगळं आणि मुळापासून गळणं वेगळं. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो, तुटलेल्याला नसतो. उजेडात धरून बघा, जर्नल लिहिण्यापेक्षा सोपं प्रॅक्टिकल आहे.

हा धंदा केवढा मोठा झालाय, ते बघितलं पाहिजे. मुंबईची ट्राया ही कंपनी सलोनी आनंद आणि त्यांचे पती अल्ताफ सय्यद यांनी २०१९ मध्ये काढली. आयुर्वेद, त्वचारोगशास्त्र आणि आहारशास्त्र एकत्र करून केसगळतीवर उपचार द्यायचे ही त्यांची कल्पना. ऑनलाइन प्रश्नावली, त्यावरून ठरलेलं किट आणि पाठपुरावा करणारा कोच अशी त्यांची पद्धत आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षात तिचं उत्पन्न २३० कोटी रुपयांच्या पुढे गेलं. मुंबईचीच मोझॅक वेलनेस 'मॅन मॅटर्स' या नावाने पुरुषांसाठी केसांच्या गोळ्या, गमीज, सोल्यूशन विकते. बाहेर देशात तर मोठमोठ्या साबण-शॅम्पूवाल्यांनी या कंपन्या विकत घेतल्या. व्हिविस्कल हा गोळ्यांचा ब्रँड २०१७ मध्ये चर्च अँड ड्वाइटने १६ कोटी डॉलरला घेतला आणि न्यूट्रॅफॉलचा मोठा हिस्सा २०२२ मध्ये युनिलिव्हरने. आमच्या खोलीत आलेला डबा यांच्यापैकी कुणाचाच नव्हता. त्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण दोन डोक्यांच्या प्रयोगावर कुणाला फाशी देता येत नाही.

केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून या मालाचा परिणाम, असलाच तर, चार-सहा महिन्यांशिवाय दिसू शकत नाही. मधल्या काळात गिऱ्हाइकाला धरून ठेवावं लागतं. म्हणून कोच, म्हणून फोन, म्हणून दर महिन्याला आपोआप येणारा डबा. आमच्या पार्टनरला एक ताई फोन करायच्या, "सर, स्ट्रेस घेऊ नका, भरपूर पाणी प्या, आठ तास झोप घ्या." ताईंचा सल्ला चांगलाच होता. फक्त तो फोन यायचा तेव्हा आम्ही बादल्या घेऊन टँकरच्या रांगेत उभे असायचो.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ही मला स्वतःला नवी होती. कॅप्सूल दिसते औषधासारखी, पण कायद्याने ती बहुतेक वेळा अन्न असते. अशी पूरक उत्पादनं २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली आणि न्यूट्रास्युटिकल नियमांखाली येतात. औषध बाजारात आणायचं तर ते चालतं हे माणसांवरच्या चाचण्यांनी दाखवावं लागतं. यादीतली जीवनसत्त्वं आणि वनस्पती वापरून पूरक गोळी आणायला तशी पायरी नाही. म्हणूनच डबीवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असं छापावं लागतं. आमच्या डबीवरही होतं, मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला भरघोस केसांचा हिरो.

औषधांच्या बाबतीत तर गंमत आणखी पुढे आहे. १९४५ च्या औषध नियमांना 'शेड्यूल जे' नावाचं एक परिशिष्ट आहे. ज्या आजारांवर 'आमच्या औषधाने हमखास बरं होतं' असा दावा करता येत नाही, त्यांची ती यादी. त्या यादीत कर्करोग वगैरेंच्या जोडीला टक्कल आहे आणि नवे केस उगवणंही आहे. म्हणजे टकलाच्या दाव्यांनी सरकारला किती पूर्वीपासून वैताग दिलाय बघा.

अन्न की औषध, अन्न की सौंदर्यप्रसाधन, हा घोळ नुसता गोळ्यांचा नाही. खोबरेल तेलाच्या छोट्या बाटलीला खाद्यतेल म्हणायचं की केसांचं तेल, हा कराचा वाद वर्षानुवर्षं चालून डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिटला. निकाल असा, की केसांचं तेल म्हणून विकलेलं नसेल तर ते खाद्यतेलच. आमची आजी एकाच बाटलीतलं तेल डोक्याला लावायची आणि त्यातच मोहरी तडतडवायची. तिला हे आधीच माहीत होतं.

आता डबीच्या आत काय असतं ते. सगळ्यात ठळक अक्षरात असतं बायोटिन. शरीराला दिवसाला लागतं ३० ते ४० मायक्रोग्रॅम. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत असतं ५ किंवा १० मिलिग्रॅम. मित्रांनो, युनिट बघा! १० मिलिग्रॅम म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे गरजेच्या तीनशेपट. व्हायवात असं उत्तर दिलं तर सर जर्नल तोंडावर फेकतील. ज्याच्या शरीरात बायोटिन खरंच कमी आहे त्याला या गोळीने केस येतात, यात शंका नाही. पण अंडी, दाणे, डाळी, दूध खाणाऱ्या माणसात ते सहसा कमी पडत नाही. २०१७ मध्ये एका अमेरिकन गटाने बायोटिनमुळे केस-नखं सुधारल्याच्या प्रसिद्ध झालेल्या सगळ्या केसेस शोधल्या. सापडल्या फक्त १८, आणि त्या सगळ्यांना मुळात काही ना काही आजार होता. धडधाकट माणसाला फायदा होतो याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

आमच्या मजल्यावर एक जिमवाला आहे. तो सकाळी कच्च्या अंड्यांचा पांढरा भाग पेल्याने पितो आणि वर केसांसाठी बायोटिनची गोळी खातो. कच्च्या पांढऱ्यात अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रोटीन असतं, ते बायोटिनला असं घट्ट पकडतं की आतड्यातून ते शोषलंच जात नाही. अंडं शिजवलं की अ‍ॅव्हिडिन निकामी होतं. एक-दोन अंड्यांनी कुणाचे केस जात नाहीत, पण खर्च दोन्हीकडून आणि उत्तर शून्य, याला आमच्याकडे नेट फोर्स झिरो म्हणतात. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मंग उकडून खातो." एवढ्यावर प्रश्न मिटला.

बायोटिनचा खरा त्रास वेगळाच आहे. थायरॉइड आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांची यंत्रं बायोटिनच्याच रसायनावर चालतात. रक्तात ते भरमसाट असलं की आकडे चुकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर जाहीर इशारा दिला. हार्ट अ‍ॅटॅक ओळखणारी ट्रोपोनिन तपासणी बायोटिनमुळे खोटी कमी आली आणि एक रुग्ण दगावला, अशी नोंद त्यात होती. आमच्या भाषेत सेन्सरमध्येच इंटरफिअरन्स. गोळी निरुपद्रवी आहे असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं.

बायोटिनखाली बारीक अक्षरात झिंक, लोह, व्हिटॅमिन ए, ई आणि सेलेनियम. हे सेलेनियम नाव वाचलं आणि मला बुलढाणा आठवलं.

तुम्हालाही आठवत असेल. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक जायला लागले. डोकं खाजायचं आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पोरं, कॉलेजच्या मुलीसुद्धा. १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली. आधी शॅम्पूवर संशय, मग पाण्यावर. पाण्यात नायट्रेट जास्त सापडलंही. आयसीएमआरची पथकं आली. गावातल्या लोकांशी सोयरीक नको इथपर्यंत गोष्टी गेल्याच्या बातम्या होत्या. माझी मावशी त्याच भागात दिलेली आहे. तिने तेव्हा फोनवर विचारलं होतं, "तुझ्या कॉलेजात काही कळतं का रे, हे काय आहे?" मला काही कळत नव्हतं.

विंचूदंशावरच्या कामामुळे जगभर माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले, त्यांनी नमुने घेतले आणि तपासून घेतले. लोकांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम खूप वाढलेलं आणि झिंक कमी झालेलं त्यांना दिसलं. त्यांचा निष्कर्ष असा, की ते पंजाबातून आलेल्या रेशनच्या गव्हातून आलं. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याला काही भागात मातीतच सेलेनियम जास्त आहे, हे शेतीवाल्यांना आधीपासून माहीत आहे. त्यांनी तपासलेल्या गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं, तर त्यांनी दिलेलं नेहमीचं प्रमाण होतं १.९. आपण हिशेब करू. दिवसाला ३०० ग्रॅम गव्हाची पोळी-भाकरी धरली तर सुमारे ४,३५० मायक्रोग्रॅम. गरज असते ५५ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ ८० पट, रोज, तिन्ही त्रिकाळ. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतल्या काही लोकांची नखंही निघायला लागल्याच्या बातम्या आल्या. सेलेनियमच्या विषबाधेत केसांमागोमाग नखं जातात, हे पुस्तकात आहेच.

इथे डेड टाइम नव्हता, हे लक्षात घ्या. तापाने केस झोपी जातात आणि तीन महिन्यांनी गळतात. चार दिवसांत डोकं साफ होत असेल तर वाढणाऱ्या मुळालाच काही तरी झालेलं असतं, तेव्हा डॉक्टर विषाचा संशय धरतात.

आणि हेच सेलेनियम केसांच्या गोळीत केस वाढावेत म्हणून घातलेलं असतं. थोडं कमी पडलं तर केस जातात, जास्त झालं तरी केस जातात. व्हिटॅमिन ए चंही असंच. २००८ मध्ये अमेरिकेत 'टोटल बॉडी फॉर्म्युला' नावाच्या द्रवरूप पूरक आहारात बनवतानाच सेलेनियमचा हिशेब चुकला. लेबलवर २०० मायक्रोग्रॅम, बाटलीत त्याच्या सुमारे दोनशेपट. दहा राज्यांतले २०१ जण आजारी पडले आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचे केस गेले. तब्येत सुधारावी म्हणून पैसे देऊन विकत घेतलेल्या बाटलीने हे केलं. आपल्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यात औषधांचे कारखाने आहेत. आपल्यातले काही जण उद्या तिथे क्यूसीत बसणार आहेत. वजनकाट्याचं कॅलिब्रेशन का शिकवतात, ते मला या एका केसने चारही युनिटपेक्षा जास्त समजावलं.

पार्टनर आणि मी तर सुटलो, कारण आमचे केस येणारच होते. वाईट वाटतं ते वरच्या मजल्यावरच्या सिव्हिलवाल्याचं. पार्टनरचं बघून त्यानेही तोच डबा मागवला. त्याचं प्रकरण वेगळं होतं. त्याला ना ताप आलेला, ना कंगव्यात फार केस. फक्त कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकत होते आणि टाळूवर विरळ होत होते. हे आनुवंशिक टक्कल. यात डीएचटी नावाचं हार्मोन संवेदनशील मुळांना दर फेरीत बारीक करत जातं. केस गळून कमी होतात त्यापेक्षा जाड केसाच्या जागी बारीक आणि बारीकच्या जागी लव येते. 'मामाला टक्कल असलं की भाच्याला' हे अर्धंच खरं आहे. एक महत्त्वाचा जीन आईकडून येतो, पण बाकीचे दोन्हीकडून येतात. बिचाऱ्या मामाला उगाच सगळे बघायला जातात.

या प्रकारावर बायोटिन म्हणजे पाया खचलेल्या भिंतीला चुना. त्याने आठ महिने गोळ्या घेतल्या. लेक्चरला टोपी, मेसला टोपी, ग्रुप फोटोत मागे. पैशांसाठी त्याने इंडस्ट्रियल व्हिजिट सोडली, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पैशांपेक्षा वाईट गोष्ट ही, की या टकलात उपचार जितके लवकर तितके केस टिकतात. मूळ पार लवेवर आलं की परत जाड करणं अवघड. म्हणजे ते आठ महिने फुकट नाही, तर उलट्या दिशेने गेले.

पुरावा असलेली औषधं याच्यासाठी आहेत, आणि त्यांची कथा कुठल्याही जाहिरातीपेक्षा भारी आहे. मिनॉक्सिडिल हे अपजॉन कंपनीचं रक्तदाबाचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस यायला लागले, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे डोक्यालाच लावून बघू. १९८८ मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी त्याला मान्यता मिळाली. फिनास्टराइड मर्कचं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका भागात काही मुलांच्या शरीरात जन्मतःच डीएचटी बनत नसे. त्यांच्यावरचा अभ्यास १९७४ मध्ये आला. ती मोठी झाल्यावर त्यांना टक्कल पडत नाही, हेही संशोधकांच्या लक्षात आलं. त्यातून आधी १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये टकलासाठी औषध आलं. दोन्ही थांबवली की फायदाही हळूहळू जातो. फिनास्टराइडचे लैंगिक दुष्परिणाम काही जणांत होतात आणि गरोदर बाईने ती गोळी फोडलेली हाताळूही नये. म्हणून हे मित्राच्या सल्ल्याने घ्यायचं औषध नाही. काही किटमध्ये मिनॉक्सिडिल आणि पूरक गोळ्या एकत्रच येतात. फायदा झाला तर कशामुळे? चार इनपुट एकदम बदलून एका आउटपुटवरून गेन काढा, असं पेपरात आलं तर आपण म्हणू प्रश्नच चुकीचा आहे.

शेवटी आम्ही त्याला घाटीत घेऊन गेलो. केसपेपर, रांग, स्किनची ओपीडी. मॅडमनी दोन मिनिटं डोकं बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "केसांच्या गोळ्या चालू आहेत का? बायोटिन?" हो म्हटल्यावर म्हणाल्या, "थायरॉइडचं रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी बंद कर बाळा, नाही तर रिपोर्ट चुकीचा येईल." मी खुश झालो, कारण हे मी वाचलं होतं. मग त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, "तुमच्या हॉस्टेलमधल्या मुलींना सांगा, केस गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन बघा म्हणावं." हे मी इथे मुद्दाम लिहितोय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय सापडला होता. तिथे लोहाची गोळी उपयोगी पडते, आणि ती केसांचा हिरो छापलेल्या डबीत यायची गरज नसते.

सिव्हिलवाल्याला मिनॉक्सिडिल लावायला दिलं. मॅडमनी बजावलं होतं की सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस आणखी गळतील, घाबरू नकोस. नवे केस जुन्यांना ढकलून बाहेर काढतात, म्हणून. तरी तिसऱ्या आठवड्यात तो रात्री बाराला आमच्या दारात उभा, हातात कागदावर ठेवलेले केस. "मोजले. एकशे चौदा." पार्टनरने त्याला आत घेतलं, चहा टाकला. मी कागदावर पाइपची आकृती काढून डेड टाइम समजावायला लागलो. तो म्हणाला, "मला कंट्रोल सिस्टिम नको शिकवू, येतील का तेवढं सांग." मी म्हटलं, "आहेत ते टिकतील बहुतेक. येतील का ते सहा महिन्यांनी बघू."

आता चौथा महिना चालू आहे. परवा तो टोपी न घालता मेसला आला होता. केस आले आहेत की नाही ते आम्हाला दिसलं नाही, कुणी विचारलंही नाही. पार्टनरचा दर महिन्याचा डबा बंद करायला ताईंशी तीन फोन करावे लागले. शेवटची डबी अर्धी भरलेली होती. गोळ्या त्याने टाकून दिल्या आणि डबी सध्या आमच्या टेबलावर आहे, तिच्यात प्रोजेक्टचे रेझिस्टर ठेवलेत. दहा किलोओहमचे संपत आलेत, कुणाकडे असतील तर खोलीवर आणून द्यावेत.